जुन्या चित्रातलं दुकान कसं बघायचं: आधी काउंटर, मग माणसं

सांगलीत गणपती पेठेत आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तुरळक असतं, आप्पा, म्हणजे माझे वडील, आत जाऊन जरा पाठ टेकतात आणि गल्ल्यावर मी बसते. ह्याच दोन तासांत गेली बरीच वर्षं मी मोबाईलवर जुनी चित्रं बघते, त्यातही दुकानांची. सुरुवातीला सगळ्यांसारखीच बघायचे, म्हणजे चेहरा बघायचा, कपडे बघायचे, छान आहे म्हणायचं आणि पुढं सरकवायचं. मग एक दिवस एका चित्रातली बाई दिसली, काउंटरच्या आतल्या बाजूला, माझ्याच जागेवर, आणि तिच्या पुढ्यात काय काय मांडलंय ते मला वाचता येतंय असं वाटलं. तेव्हापासून मी आधी काउंटर बघते. मैत्रीण म्हणाली एकेका चित्रावर तू अर्धा-अर्धा तास काय बघत बसतेस गं, तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितेय. कुणालाही जमेल. दुकानात कधीतरी उभं राहिलेलं असलं की झालं.

आधी चित्र मोठं मिळवा

व्हॉट्सॲपवर फिरत आलेलं चित्र घेऊ नका, ते दहा जणांच्या फोनमधनं दाबून दाबून आलेलं असतं, काउंटरवरची नाणी म्हणजे नुसते पिवळे ठिपके दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साईटवर बरीच जुनी चित्रं मोठ्या साईजमध्ये फुकट डाउनलोड होतात, आणि गुगल आर्ट्स अँड कल्चरवर काही चित्रं एवढी झूम होतात की रंगाला गेलेल्या भेगासुद्धा दिसतात. मोबाईल आडवा धरा, ब्राइटनेस वाढवा. त्याहून चांगलं म्हणजे झेरॉक्सवाल्याकडनं ए थ्री साईजची कलर प्रिंट काढून आणा. कागदावर बोट ठेवता येतं, पेन्सिलीनं रेघ मारता येते, आणि हे करायचंच आहे.

पहिल्यांदा एकच चित्र घ्या. मी सांगते कुठलं: पेट्रुस क्रिस्तुस नावाच्या चित्रकाराचं सोनाराच्या दुकानाचं चित्र, साल १४४९. आत्ताच्या बेल्जियममधलं ब्रूज शहर, तिथला हा चित्रकार, आणि चित्र सध्या त्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्येच आहे, म्हणजे डाउनलोडचा प्रश्न मिटला.

चेहरे झाका

कागदाच्या तीन पट्ट्या कापा आणि तिघांचे चेहरे झाकून टाका, सोनार, आलेला तरुण आणि त्याच्याबरोबरची ती जरीच्या कपड्यातली मुलगी. पहिल्यांदा हे करताना जीवावर येतं कारण चेहरे सुंदर आहेत, पण झाकाच. चेहरा उघडा असला की डोळा तिथंच अडकतो, बाकीच्या चित्राला वेळच मिळत नाही.

आता काय उरलं? एक फळी. त्या फळीवर डावीकडनं उजवीकडं बोट फिरवत जा आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोला, खरंच बोला, मनातल्या मनात नको. छोटा तराजू सोनाराच्या हातात. वजनांची डबी. सोन्याची नाणी, आणि जवळनं बघितलं तर ती सगळी एका राज्याची नाहीत. एक लांब पट्टा, कमरेला बांधायचा, फळीवर सोडून दिलेला, लग्न ठरलं की मुलीला द्यायचा तो. आणि उजव्या टोकाला घाटात वळणावर असतो तसला फुगीर गोल आरसा. मागच्या मांडणीवर पोवळं आहे, स्फटिक आहे, मोती आहेत, आणि एक पेला आहे तो नारळाच्या करवंटीचा! मी किराणा दुकानदाराची मुलगी, नारळ आम्ही पोत्यानं उतरवतो, आणि तिकडं त्या काळात करवंटीला सोनं-चांदी मढवून सोनाराच्या दुकानात ठेवायचे, तिच्यात विष उतरतं असा समज होता. हे वाचल्यावर मी आप्पांना उठवून दाखवलं होतं.

बोलून झालं की आता पेन्सिल घ्या आणि चित्रातल्या सगळ्या हातांना गोल करा. नुसते हात. सोनाराचे दोन, मुलीचा पुढं आलेला, तरुणाचा. कुठला हात फळीच्या कुठल्या बाजूला आहे, कुठला ओलांडून आलाय, ते बघा. दुकानात भांडण होतं ते ह्याच दोन-अडीच फुटांत होतं आणि विश्वास बसतो तो पण इथंच. गिऱ्हाइकाचा हात फळी ओलांडून आत येत असेल तर दुकानदार त्याला ओळखतो. आमच्याकडं पण तसंच आहे, रोजचं गिऱ्हाईक स्वतः हात घालून बरणीतली लवंग तोंडात टाकतं, नवीन माणूस हात मागं बांधून उभा राहतो.

हे सगळं झाल्यावर पट्ट्या काढा आणि चेहरे बघा. सोनार त्या दोघांकडं जरा वर बघतोय आणि हात मात्र तराजूवर स्थिर. हा चेहरा आता वेगळा दिसतो, मला तरी दिसला. काटा स्थिर व्हायची वाट बघताना आप्पा असंच बघतात.

काउंटर आहेच का, हे विचारा

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला, म्हणून तुम्हाला आधीच सांगते. आपण धरून चालतो की दुकान म्हणजे काउंटर, दुकानदार त्या बाजूला उभा, आपण ह्या बाजूला. पण आमच्याच दुकानात आजोबांच्या सुरुवातीच्या काळात काउंटर नव्हता. गादी होती, पांढरी चादर, मागं लोड, शेजारी लाकडी गल्ला आणि पुढ्यात उतरत्या झाकणाचं डेस्क, त्याच्यावर कीर्द-खतावणी. गिऱ्हाईक पायरीवर टेकायचं किंवा जवळचं असेल तर चप्पल काढून गादीच्या कडेला बसायचं, चहा यायचा, मग माल. कापड पेठेत अजून काही दुकानात पांढऱ्या गादीवरच साड्या उलगडतात, आणि सराफ कट्ट्यावर पण बसून व्यवहार बघायला मिळतो.

आता जपानचं चित्र काढा. एदो म्हणजे आत्ताचं तोक्यो, तिथं मित्सुई घराण्याचं एचिगोया नावाचं कापडाचं दुकान १६७३ साली सुरू झालं. ओकुमुरा मासानोबू वगैरे चित्रकारांनी लाकडी ठशावर त्या दुकानाची आतून चित्रं छापली, लांबपर्यंत आत आत जाणारी खोली दाखवणारी. बघा त्यात काउंटर सापडतो का. नाही सापडणार. जमिनीपासून उंच केलेली चटईची बैठक, त्यावर नोकर बसलेले, पुढ्यात कापडाचे तागे, गिऱ्हाईक कडेवर बसलेलं, आणि वरनं कागदाच्या पट्ट्या लोंबतायत, कुठला नोकर कुठं बसतो त्याच्या नावाच्या. मला ते चित्र बघून आमची कापड पेठच आठवली. फरक एवढाच की एचिगोयानं रोख पैसे आणि एकच भाव हा नियम केला होता, घासाघीस बंद, उधारी बंद. त्या काळात मोठी दुकानं माल घेऊन श्रीमंताच्या घरी जायची आणि पैसे सहा-सहा महिन्यांनी मिळायचे, तिथं एचिगोयाचा मालक म्हणाला इथं या, भाव लिहिलेला आहे, पैसे द्या, घेऊन जा. म्हणजे बसायची पद्धत जुनी ठेवून व्यवहार नवा केला. चित्रात बैठक दिसली म्हणून व्यवहार पण आपल्यासारखाच असेल असं समजू नका.

आपल्याकडचं बघायचं असेल तर पाटणा कलम शोधा. एकोणिसाव्या शतकात पाटण्याच्या चित्रकारांनी इंग्रजांसाठी बाजारातले लोक रंगवले, त्यात धान्यवाला, कापडवाला, मिठाईवाला, सगळे मांडी घालून बसलेले, पुढ्यात तागडी, भोवती टोपल्या. ह्या चित्रात सीमा दाखवायला फळी नाहीच, मालच कुंपण असतो. टोपल्यांच्या अलीकडं गिऱ्हाईक, पलीकडं दुकानदार. आपल्या शनिवारच्या बाजारात भाजीवाली मावशी बसते ती तशीच की! पण एक ध्यानात ठेवा, ही चित्रं साहेबाला हिंदुस्थानातले धंदे दाखवायला काढलेली होती, त्यामुळं पुष्कळ वेळा मागची भिंत कोरी, रस्ता नाही, गर्दी नाही, शेजारचं दुकान नाही. बाजारात एवढी शांतता कधी असते का.

ओटा

दगडी काउंटर बघायचा तर पॉम्पेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव, तिथं रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर तयार खाणं विकणारी दुकानं होती आणि त्यांचे ओटे अजून उभे आहेत. बांधीव ओटा, बहुतेक काटकोनात वळलेला, आणि त्याच्या आतच मोठाले रांजण बसवलेले, वर फक्त गोल तोंड दिसतं. खानावळीच्या गाड्यावर भोकं पाडून पातेली बसवतात तसंच.

ह्यातलं एक दुकान २०२० च्या डिसेंबरमध्ये पूर्ण मोकळं करून जगाला दाखवलं, त्याचे फोटो आवर्जून बघा, कारण त्या ओट्यावर बाहेरच्या अंगाला चित्रं आहेत आणि रंग कालच दिल्यासारखे आहेत. पिवळ्या जमिनीवर एक कोंबडा, उलटी टांगलेली दोन बदकं, पट्ट्यानं बांधलेला काळा कुत्रा, आणि समुद्राच्या घोड्यावर बसलेली जलदेवी. आता इथं कसं बघायचं सांगते. स्वतःला विचारा हे चित्र कुणाला दिसतंय? ओट्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतच नाही. सगळी चित्रं रस्त्याकडं तोंड करून, गिऱ्हाइकाच्या मांडीच्या उंचीला. म्हणजे ही दुकानाची पाटी, मेनूकार्ड जवळजवळ. आणि गंमत म्हणजे रांजणात तळाशी जे सापडलं त्यात बदकाचं हाड पण होतं, शिवाय बोकड, डुक्कर, मासे, गोगलगायी. चित्रातलं बदक आणि रांजणातलं बदक एकाच ओट्यावर, वर-खाली. असं जुळलेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही.

रोमजवळच्या ओस्तिया बंदरातला एक संगमरवरी पाट आहे, दुसऱ्या शतकातला, कोरीव काम. मी वर म्हणलं ना, माझ्या जागेवरची बाई, ती ही. कोंबड्या-बिंबड्या, फळं विकणारी. काउंटर म्हणजे चक्क पिंजरे, आत ससे, वर टोपल्या, त्यातली एक गोगलगायींची, बाजूला दोन माकडं बसलेली, ती गिऱ्हाईक थांबावं म्हणून ठेवली असावीत. वरच्या दांडीला पक्षी टांगलेत. बाई मधोमध उभी, गिऱ्हाइकाला काहीतरी देतेय. अठराशे वर्षं झाली, आणि तिच्या खांद्याची ठेवण बघून मला कळतं की तिनं एका हातानं माल दिला तरी तिचं लक्ष दुसऱ्या बाजूच्या टोपलीवर आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईला हे कळेल.

जर्मनीत ड्रेस्डेनला तसलाच एक दुसरा दगड आहे, खाटकाच्या दुकानाचा. पुरुष लाकडी ठोकळ्यावर मटण तोडतोय, मागं तराजू लटकवलाय, वर मांस टांगलंय, आणि डाव्या टोकाला उंच पाठीच्या खुर्चीत बाई बसलीय हातात हिशोबाची पाटी घेऊन. बायको असावी असं मानतात. दुकानाचं जुनं चित्र दिसलं की हिशोब कोण लिहितंय ते शोधायची सवय लावून घ्या. ते माणूस बऱ्याचदा कडेला असतं, लहान असतं, आणि घाईत बघणाऱ्याला दिसत नाही.

तराजू कुठं आहे

हा सगळ्यात सोपा नियम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा. तराजू शोधा, आणि तो कुणाकुणाला दिसतोय ते बघा. आमच्या इथं आप्पांनी इलेक्ट्रॉनिक काटा घेतला तेव्हा दुसऱ्या बाजूला पण आकडा दिसणारा घेतला, कारण आजोबा म्हणायचे की काटा गिऱ्हाइकाला दिसला नाही तर माल चांगला असून उपयोग नाही.

क्वेंटिन मात्सीसचं १५१४ सालचं सावकार आणि त्याच्या बायकोचं चित्र पॅरिसला लुव्र म्युझियममध्ये आहे. सावकार नाणी तोलतोय. मोजत नाहीये, तोलतोय, कारण तेव्हा नाण्यांच्या कडा कातरून सोनं चोरायचे, वेगवेगळ्या गावची नाणी वेगवेगळ्या वजनाची, त्यामुळं आकड्यावर विश्वास नव्हता, वजनावर होता. शेजारी बायकोच्या पुढ्यात प्रार्थनेचं पुस्तक उघडं आहे, पान उलटता उलटता तिची नजर काट्यावर गेलीय. पुस्तकावर हात, काट्यावर डोळा. ह्या चित्रावर लोकांनी धर्म आणि पैसा ह्याबद्दल पुष्कळ लिहिलंय, ते असेलही खरं, पण मला ती बाई लोभी वाटत नाही. नवरा तोलत असताना बायकोनं काट्याकडं बघणं हे दुकानातलं काम आहे, दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे.

चीनची एक लांबच लांब चित्रपट्टी आहे, बाराव्या शतकातली, झांग झेदुआन नावाच्या चित्रकाराची. लांबी सव्वापाच मीटरच्या वर आणि उंची जेमतेम पाव मीटर, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात ठेवलीय. नदीकाठचं शहर, पूल, होड्या, शेकडो माणसं. पट्टीच्या शेवटाकडं एक औषधाचं दुकान येतं आणि त्याच्या काउंटरवर एक चौकटीसारखी वस्तू आहे, मण्यांच्या हिशोबाच्या पाटीसारखी. ती खरंच ती आहे की दुसरं काही, ह्यावर अभ्यासकांत वाद आहे. एवढ्या मोठ्या चित्रातली नखाएवढी वस्तू! म्हणून म्हणते, मोठं चित्र मिळवा आणि फळीवरनं बोट फिरवा.

आरसा दिसला की थांबा

क्रिस्तुसच्या सोनाराकडं आरसा, मात्सीसच्या सावकाराकडं आरसा. दोन्ही फुगीर. फुगीर आरशात दुकानाच्या बाहेरचं, आपल्या पाठीमागचं दिसतं. सोनाराच्या आरशात झूम करून बघा, रस्त्यावर दोन तरुण उभे आहेत, एकाच्या हातावर ससाणा आहे. म्हणजे चित्र बघताना आपण जिथं उभे आहोत तो रस्ता पण चित्रकारानं चित्रात आणून ठेवलाय. दुकानदाराला नजर ठेवायला आरसा लागायचा, आता त्या जागी कॅमेरा आलाय. आमच्या दुकानात आरसा अजून आहे, डाळीच्या डब्यांच्या वर तिरका टांगलेला, मी बसल्या जागेवरनं पायरी बघते.

आरशाचं सगळ्यात अवघड चित्र म्हणजे एदुआर माने ह्या फ्रेंच चित्रकाराचं, पॅरिसच्या फोली-बेर्जेर नावाच्या करमणुकीच्या जागेतला बार, १८८२ सालचं, लंडनला कोर्टोल्ड गॅलरीत आहे. घाईत बघू नका, ह्याला अख्खी दुपार द्या. पुढं संगमरवरी काउंटर, त्याच्यामागं एक मुलगी दोन्ही हात टेकवून उभी, तिच्यामागं अख्खी भिंत आरशाची. चेहरा झाका (इथं तर झाकायलाच पाहिजे) आणि बाटल्या मोजा. लाल त्रिकोण असलेल्या बाटल्या दिसतील, ती बास नावाची इंग्रजी बिअर, तो त्रिकोण इंग्लंडमध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदला गेला तो १८७६ साली, अगदी पहिल्या नंबरावर. काचेच्या भांड्यात संत्री. एका पेल्यात दोन फुलं. आणि डावीकडच्या बाटलीच्या लेबलवर मानेनं स्वतःची सही केलीय, साल घालून.

आता आरशात बघा. मुलीची पाठ सरळ तिच्या मागं दिसायला पाहिजे, पण ती उजवीकडं सरकलीय, आणि तिच्यासमोर टोपीवाला माणूस उभा आहे. तो ह्या बाजूला कुठंच नाही. मग तो कुठं उभा आहे? जिथं आपण उभे आहोत तिथं. ह्यावर लोकांनी पट्ट्या लावून, फोटो काढून हिशोब मांडलेत. मी एवढंच सांगेन की तुम्ही काउंटरच्या आत कधी दिवसभर उभ्या राहिला असाल तर हात असे कधी टेकवले जातात ते तुम्हाला माहिती आहे. ती मुलगी खरंच तिथं काम करायची, सुझों तिचं नाव, आणि मानेनं तिला स्टुडिओत बोलावून, तिथं काउंटर मांडून हे रंगवलं. तेव्हा तो फार आजारी होता, पुढच्या वर्षी वारला. शेवटच्या दिवसांत त्याला काउंटरमागची दमलेली मुलगी रंगवावीशी वाटली ह्याचं मला फार वाटतं.

चित्रकार कुठल्या बाजूला उभा आहे

प्रत्येक चित्राला हा प्रश्न विचारा आणि उत्तर पेन्सिलीनं कडेला लिहा: आत, बाहेर, की रस्त्यावर. वर सांगितलेली बहुतेक चित्रं बाहेरनं आहेत. आता वातो नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं बघा, १७२० च्या सुमाराचं, गेरसें नावाच्या पॅरिसच्या चित्रविक्रेत्याच्या दुकानाचं. हे चित्र मुळात दुकानाची पाटी होती, दुकानावर लावायला काढलेली, आत्ता बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात आहे. त्यात दुकानाची पुढची भिंतच काढून टाकलीय. खाली रस्त्याचे दगड, मग एकदम दुकान. काउंटर उजव्या बाजूला, त्याच्यामागं बाई आरसा धरून तीन गिऱ्हाइकांना दाखवतेय, आणि डावीकडं फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याचं चित्र पेटीत भरून चाललंय. सगळे लोक काउंटरच्या टोकाला गर्दी करतात आणि राजा पेंढ्यात जातोय. आपल्याकडं पण पाट्या रंगवणारे भारी कलाकार होते, फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं, पण एखादी जुनी पाटी हरभट रोडला दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा.

तिसो नावाच्या चित्रकाराचं दुकानात काम करणाऱ्या मुलीचं चित्र (टोरांटोला आहे) एकदम उलट. तिथं आपण दुकानाच्या आत उभे आहोत, मुलगी दार उघडून धरतेय, हातात बांधलेला पुडा, काउंटरवर रिबिनींचा ढीग आणि एक रिबीन खाली पडलेली. म्हणजे खरेदी झालीय आणि आता निघायचंय. आणि एडवर्ड हॉपरच्या १९४२ सालच्या रात्रीच्या हॉटेलच्या चित्रात आपण रस्त्यावर आहोत, काच आहे, आत दिवे आहेत, काउंटरभोवती चार माणसं, आणि आत जायला बाहेरनं दारच दिसत नाही. काउंटर एवढा जवळ आणि तरी पोचता येत नाही.

सगळं खरं मानू नका

चित्र म्हणजे दुकानाचा सीसीटीव्ही नाही. इटलीत सिएना गावच्या सरकारी वाड्यात अम्ब्रोजो लोरेंझेत्तीनं १३३८-३९ मध्ये चांगल्या कारभाराचं गाव रंगवलं, त्यात दुकानं उघडी, जोडे विकायला मांडलेले, रस्त्यावर मुली नाचतायत. ते राज्यकर्त्यांच्या भिंतीवर होतं, तेव्हा दुकानं बंद दाखवून कसं चालेल! इटलीतल्याच इस्सोन्ये किल्ल्यात १५०० च्या आसपास औषधवाला, शिंपी, चीजवाला अशी दुकानं कमानीखाली काढलीत, भरलेल्या बरण्या, टांगलेले कपडे, सगळं भरभरून. मालकाला आपल्या राज्यात सुबत्ता दाखवायची होती. म्हणून चित्र कुणी काढून घेतलं आणि ते कुठं लावलं होतं, एवढ्या दोन गोष्टी वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आणि एकदा तरी खरं चित्र खऱ्या भिंतीवर बघा. आपल्याला लांब जायला नको, सातारा जिल्ह्यात औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं, स्वतः राजा आणि स्वतः चित्रकार. तिथं राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं दगडी शिल्पसुद्धा आहे. दुकानाची चित्रं शोधायला म्हणून जाऊ नका, बघायची सवय लावायला जा. आम्ही गेलो तेव्हा आप्पा एका चित्रापुढं पंधरा मिनिटं उभे राहिले, नुसतं कापडाचा पोत बघत.

आता आपल्या पेठेत

हे सगळं शिकून झालं की आपला एक काउंटर काढायचा. फोटो नको, पेन्सिलीनं. दुकानदाराला आधी विचारा, दुपारची वेळ धरा, सकाळी भवानी व्हायच्या आत अजिबात जाऊ नका. एक स्टूल मागून घ्या. आधी काउंटरची उंची टेपनं मोजा, आमचा चौतीस इंच आहे, आणि मग फक्त त्या फळीवरच्या वस्तू काढा, डावीकडनं उजवीकडं. उधारीची वही कुठं असते. सुतळीचा गुंडा कुठनं लोंबतो. लहान मुलांच्या गोळ्यांच्या बरण्या कुठल्या टोकाला, आणि मुलाचा हात पोचतो का.

आमचा काउंटर मी काढला तो २०१९ च्या पुरानंतर. कृष्णेचं पाणी दुकानात आलं, आठवडाभर राहिलं, सागवानी फळी फुगून वर आली आणि सुतारानं ती खोलली. खाली फटीत काय काय सापडलं, टाचण्या, सुपारीची खांडं, एक नवा पैसा १९५७ सालचा, आणि पेन्सिलीनं लिहिलेला आजोबांचा कागदाचा तुकडा, त्यावर फक्त "साखर २ शेर" आणि पुढं खूण. फळी उन्हात आडवी ठेवली होती तेव्हा मी ती काढायला बसले आणि पहिल्यांदा दिसलं की तिला दोन ठिकाणी खळगा आहे. एक मधे, पैसे सरकवून सरकवून झालेला, तो गिऱ्हाइकाच्या बाजूला जास्त खोल. दुसरा आतल्या बाजूला उजव्या हाताला, कोपराएवढा. तिथं आता माझं कोपर असतं, मी लिहितेय ते पण तिथंच टेकून. कोपऱ्यात एक खोटा रुपया खिळा मारून ठोकलाय तो मी लहानपणापासून बघतेय, पण हे खळगे मला तेव्हाच दिसले.

फळी परत बसवलीय, सुतार नवीन करून देतो म्हणाला होता, आप्पा नको म्हणाले. तुम्ही काढाल त्या चित्रात असे खळगे, डाग, चिरा सोडू नका, पेन्सिल आडवी धरून हलकी छाया दिली की खोली दिसते. माणूस काढायचा असेल तर सगळ्यात शेवटी, आणि आधी हात. काढून झालं की दुकानदाराला दाखवा, तो लगेच सांगेल काय राहिलं ते, आमच्या वेळी आप्पा म्हणाले अगरबत्तीचा स्टँड कुठाय. मग खालच्या कडेला, फळीच्या खाली, आपलं नाव, पेठ आणि साल घाला, त्या क्रिस्तुसनं सोनाराच्या चित्राच्या खालच्या कडेला घातलंय तसं.